मतपत्रिका आली, पण घाई नको

यंदा व्हर्जिनियात गणपती बसलेले असतानाच मतदान सुरू होईल. निवडणूक ३ नोव्हेंबर २०२६ ची; पण तिथली केंद्रं साधारण ४५ दिवस आधी उघडतात, आणि गणेश चतुर्थी यंदा १४ सप्टेंबरला आहे. कॅलिफोर्नियात प्रत्येक नोंदलेल्या मतदाराच्या घरी टपालाने मतपत्रिका जाते. ती ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात निघेल. टेक्सासात दसऱ्याच्या सुमारास केंद्रं उघडतील, न्यू जर्सीत त्यानंतर काही दिवसांनी. गणपतीपासून थेट दिवाळीच्या तोंडापर्यंत या देशात कुठे ना कुठे मतदान चालूच राहणार आहे.

अमेरिकेचं नागरिकत्व घेतलेल्या मराठी मंडळींना माझी एक विनंती आहे. पाकीट हातात पडलं त्याच संध्याकाळी गोल काळे करून ते परत धाडू नका. महत्त्वाच्या कागदांत नीट ठेवा, शेवटची सुरक्षित तारीख कॅलेंडरवर लिहा, आणि तोवर थांबा. आपल्या लोकांना काम अंगावर ठेवायला आवडत नाही, हे मला माहीत आहे. टॅक्स फेब्रुवारीत भरून मोकळे, मुलांचे फॉर्म मुदतीच्या महिनाभर आधी रवाना. ही सवय इतर सगळीकडे गुणाची आहे. मताच्या बाबतीत तिला थोडा आवर घाला. ग्रीन कार्डवर असाल तर हे नुसतं वाचून सोडून द्या, आणि चुकून मतपत्रिका घरी आलीच तर तिला हातही लावू नका.

थांबा का म्हणतो, ते मोंटानाच्या गोष्टीवरून कळेल.

मे २०१७ मध्ये मोंटानात हाउसच्या एका जागेसाठी पोटनिवडणूक होती. २४ मेच्या संध्याकाळी, मतदानाच्या आदल्या दिवशी, बोझमन गावात रिपब्लिकन उमेदवार ग्रेग जियानफोर्टे यांना 'गार्डियन'चा बातमीदार बेन जेकब्ज आरोग्य विम्याच्या विधेयकावर प्रश्न विचारत होता. उमेदवाराने त्याला धरलं आणि जमिनीवर आपटलं. चष्मा फुटला. फॉक्स न्यूजची मंडळी मुलाखतीच्या तयारीत तिथेच उभी होती. त्यांनी सगळं डोळ्यांनी पाहिलं. जेकब्जचा रेकॉर्डरही चालू होता. प्रचार कार्यालयाने आधी बातमीदारावरच ढकलून पाहिलं, पण ध्वनिफितीपुढे ते टिकलं नाही. त्याच रात्री शेरिफने मारहाणीचा गुन्हा दाखल केला. 'बिलिंग्ज गॅझेट', 'मिझूलियन' आणि हेलेनाचा 'इंडिपेंडंट रेकॉर्ड' या राज्यातल्या तीन मोठ्या वृत्तपत्रांनी जियानफोर्टे यांना दिलेला पाठिंबा काढून घेतला.

वृत्तपत्रांना पाठिंबा काढून घेता आला. मतदारांना तशी सोय नव्हती. तोवर अडीच लाखांहून अधिक मतपत्रिका परत येऊन पडल्या होत्या. त्या निवडणुकीत एकूण मतदान पावणेचार लाखांच्या आसपास झालं, म्हणजे दर तिघांपैकी दोघांचं मत त्या संध्याकाळच्या आधीच पाकिटात बंद झालेलं होतं. मत बदलता येईल का, असे फोन निवडणूक कार्यालयांत आले. मोंटानात ते बदलता येत नाही. जियानफोर्टे सुमारे सहा टक्क्यांनी निवडून आले, जूनमध्ये त्यांनी न्यायालयात गुन्हा कबूल केला, आणि त्यांना ४० तास समाजसेवा, रागावर ताबा मिळवण्याचा २० तासांचा वर्ग आणि ३८५ डॉलर भरण्याची शिक्षा झाली.

त्या मारामारीने निकाल फिरला असता, असं मी म्हणत नाही. मोंटानाने आधीच्या वर्षी ट्रम्प यांना २० टक्क्यांची आघाडी दिली होती, आणि २०२० मध्ये त्याच मतदारांनी सगळं माहीत असूनही जियानफोर्टे यांना गव्हर्नर केलं. तो त्यांचा हक्क. पण २०१७ च्या त्या अडीच लाख लोकांना 'माहीत असूनही' म्हणण्याची संधीच मिळाली नाही. मला खटकतं ते एवढंच.

एकेकाळी हा प्रश्न उलट्या बाजूने आला होता. १८४५ पर्यंत अध्यक्षाच्या निवडणुकीसाठी राज्यांना ३४ दिवसांची मुदत असे आणि प्रत्येक राज्य आपल्या सोयीचा दिवस धरी. एका राज्याचा कौल दुसऱ्याच्या कानावर जाई, हद्द ओलांडून दोनदा मत देणारेही निघत. म्हणून जानेवारी १८४५ मध्ये काँग्रेसने कायदा केला आणि नोव्हेंबरातल्या पहिल्या सोमवारनंतरचा मंगळवार सगळ्या देशाला दिला. एकच दिवस ठरल्यावर राजकारणातल्या चतुर लोकांच्या हाती एक हिशेब आला: शत्रूवरचा आरोप अशा वेळी काढायचा, की त्याला उत्तर द्यायला वेळ उरू नये.

१८८० चं उदाहरण घ्या. २० ऑक्टोबरला न्यूयॉर्कच्या 'ट्रुथ' नावाच्या वर्तमानपत्राने रिपब्लिकन उमेदवार जेम्स गारफिल्ड यांच्या नावाचं एक पत्र छापलं. त्यात चिनी मजुरांना देशात येऊ द्यावं असा सूर होता. कॅलिफोर्नियात त्या काळी चिन्यांविरुद्ध प्रचंड रोष होता, तेव्हा पत्राच्या हुबेहूब प्रती मुद्दाम तिकडे वाटल्या गेल्या. पत्र बनावट होतं. गारफिल्ड यांनी नाकारलं, हस्ताक्षर जुळत नाही हे दाखवलं, आणि देशभरात ते जिंकलेही. कॅलिफोर्निया मात्र थोडक्यात गेलं. त्या काळी खुलासा अमेरिकेच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला पोहोचून लोकांच्या गळी उतरायला जेवढा वेळ लागे, तेवढ्या वेळेवरच हा डाव बेतलेला होता.

उशिरा आलेली प्रत्येक गोष्ट खोटी असते, असं मात्र समजू नका. २ नोव्हेंबर २००० ला, निवडणुकीला पाच दिवस असताना, जॉर्ज बुश यांना १९७६ मध्ये मेन राज्यात दारू पिऊन गाडी चालवल्याबद्दल अटक झाली होती, ही बातमी फुटली. ती खरी होती. बुश यांनी त्याच दिवशी मान्य केलं. न्यायालयाच्या दप्तरात ती २४ वर्षं पडून होती. एका डेमोक्रॅट वकिलाच्या मदतीने ती नेमकी त्या गुरुवारी बाहेर आली. म्हणून कोणताही भडका उडाला की आधी दोन प्रश्न विचारायची सवय लावा: हे कुणाच्या हातात होतं, आणि कधीपासून? उत्तर मिळाल्यावरही 'खरं की खोटं' हा तिसरा प्रश्न उरतोच, पण पहिले दोन विचारले की डोकं जरा थंड होतं.

अर्थशास्त्रज्ञांनी हे गणित मांडून दाखवलं आहे. गॅब्रिएल ग्रॅटन, रिचर्ड होल्डन आणि अँटन कोलोटिलिन या ऑस्ट्रेलियातल्या तिघांचा एक निबंध २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. सार असं: ज्याच्याकडे खरा पुरावा आहे त्याला तो लवकर बाहेर काढायला भीती नसते, कारण छाननीत तो टिकणार असतो, आणि लवकर आला म्हणूनच लोकही त्याच्यावर जास्त विश्वास ठेवतात. ज्याचा माल कच्चा आहे, तो छाननीला वेळ उरू नये म्हणून वाट पाहतो. खऱ्यालाही कधी कधी उशीर फायद्याचा वाटतो, म्हणून शेवटच्या दिवसांत खरं-खोटं एकत्र वाहत येतं. गावच्या बाजारात संध्याकाळी भाजी स्वस्त होते, तेव्हा जुडी उलटून पाहावी लागते, तसंच हे.

आता या सगळ्यावर लवकर मतदान आलं. टेक्सासने १९८०च्या दशकाअखेर कारण न विचारता आधी मत देण्याची मुभा दिली. ओरेगनने १९९८ मध्ये जनमत घेऊन सगळा कारभारच टपालावर नेला. परदेशात असलेले सैनिक आणि नागरिक यांना ४५ दिवस आधी मतपत्रिका गेलीच पाहिजे, असा कायदा २००९ मध्ये झाला. मग २०२० ची महामारी आली आणि दहा कोटींहून अधिक लोकांनी निवडणुकीच्या दिवसाआधी मत दिलं. १८४५ चा तो एक मंगळवार आता दीड महिन्याचा झाला आहे.

दीड महिन्याच्या मतदानात बातमीची तारीख फार विचित्र खेळ करते. २०१६ पाहा. ७ ऑक्टोबरच्या दुपारी ट्रम्प यांची बायकांबद्दल बरळणारी २००५ सालची चित्रफीत 'वॉशिंग्टन पोस्ट'ने बाहेर काढली, आणि तासाभराच्या आत विकिलीक्सने हिलरी क्लिंटन यांच्या प्रचारप्रमुखाचे ईमेल टाकायला सुरुवात केली. २८ ऑक्टोबरला, त्या वर्षी ती धनत्रयोदशी होती, एफबीआयचे संचालक जेम्स कोमी यांनी क्लिंटन यांच्या ईमेलची चौकशी पुन्हा सुरू होत असल्याचं काँग्रेसला पत्राने कळवलं. तोवर दोन कोटींच्या आसपास मतं पडलेली होती. ६ नोव्हेंबरला कोमी यांनीच दुसरं पत्र लिहिलं: आमचा जुना निष्कर्ष कायम आहे. तेव्हा मतांचा आकडा चार कोटींच्या घरात गेला होता.

हे आकडे पुन्हा एकदा वाचा. दोन कोटी लोकांनी पहिलं पत्र येण्याआधी मत दिलं. आणखी साधारण तेवढ्यांनीच पहिलं पत्र वाचून, पण दुसरं येण्याआधी दिलं. बाकीच्यांनी दोन्ही वाचून. एकाच निवडणुकीत, एकाच उमेदवाराबद्दल, तीन वेगवेगळ्या बातम्यांवर तीन मतदारसंघ तयार झाले, आणि तुम्ही कोणत्या गटात पडलात हे तुमच्या विचारांवर नाही, तुम्ही पाकीट कधी टाकलं यावर ठरलं. ट्रम्प यांनी त्या आठवड्यात विस्कॉन्सिनात जाऊन, क्लिंटन यांना मत देऊन पस्तावलेल्यांनी ते बदलून घ्यावं, असं आवाहनही केलं. तिथे तेव्हा तशी सोय होती. पुढे तीही न्यायालयीन वादात अडकली.

प्रचार चालवणारे लोक अर्थातच या वेळापत्रकाला सरावले आहेत. पूर्वी ज्याला 'ऑक्टोबर सरप्राइज' म्हणत, ते आता सप्टेंबरात येऊ लागलं आहे. नॉर्थ कॅरोलिनाच्या २०२४ च्या गव्हर्नरपदाच्या लढतीत रिपब्लिकन उमेदवार मार्क रॉबिन्सन यांच्यावरची बातमी सीएनएनने १९ सप्टेंबरला दिली. एका अश्लील संकेतस्थळावर त्यांनी बऱ्याच वर्षांपूर्वी लिहिलेल्या घाणेरड्या मजकुराची. रॉबिन्सन यांनी ते आपलं नसल्याचं सांगितलं. उमेदवारी मागे घेण्याची मुदत त्याच रात्री संपत होती, आणि परदेशातल्या मतदारांना मतपत्रिका दुसऱ्या दिवशी निघणार होत्या. खरं तर त्या दोन आठवडे आधीच जायच्या, पण रॉबर्ट केनेडी ज्युनिअर यांनी माघार घेतल्यावर आपलं नाव काढायला न्यायालयात धाव घेतली, आणि सगळ्या मतपत्रिका नव्याने छापाव्या लागल्या. त्यामुळे एकही मत पडायच्या आत ती बातमी प्रत्येक मतदाराच्या घरी पोहोचली. रॉबिन्सन सुमारे १५ टक्क्यांनी पडले. त्याच मतपत्रिकेवर ट्रम्प ते राज्य जिंकले. लोकांना वेळ मिळाला की ते एकाच कागदावर दोन वेगळे निर्णय घेऊ शकतात.

उलट त्याआधी चार वर्षं, २०२० मध्ये, त्याच राज्यात डेमोक्रॅट सेनेट उमेदवार कॅल कनिंगहॅम यांचे एका विवाहित बाईला पाठवलेले मेसेज ऑक्टोबरच्या पहिल्या दोन दिवसांत बाहेर आले. मतपत्रिका ४ सप्टेंबरपासूनच जाऊ लागल्या होत्या. आणि गेल्याच वर्षी व्हर्जिनियात ॲटर्नी जनरलच्या जागेसाठी उभे असलेले जे जोन्स यांचे २०२२ मधले मेसेज ३ ऑक्टोबरला प्रसिद्ध झाले. विरोधी पक्षाच्या तेव्हाच्या सभापतीला गोळी घालण्याची भाषा त्यांत होती. त्यांनी माफी मागितली आणि नोव्हेंबरात निवडूनही आले, पण त्यांच्याच पक्षाच्या गव्हर्नरपदाच्या उमेदवाराला मिळालेल्या आघाडीच्या मानाने त्यांची आघाडी बरीच आकसलेली होती. म्हणजे काही लोकांनी त्या बातमीला वजन दिलं. १९ सप्टेंबरला पहिल्याच दिवशी केंद्रावर हजर झालेल्यांना ते द्यायचं की नाही, हे ठरवताच आलं नाही.

पेनसिल्व्हेनियातल्या २०२२ च्या सेनेट लढतीची तऱ्हा आणखी वेगळी. तिथे लपवलेलं असं काही फुटलं नाही. जाहीर झालेला वादविवादच उशिरा झाला. जॉन फेटरमन यांना मे महिन्यात पक्षाघाताचा झटका आला होता. मेहमत ऑझ यांच्याबरोबरचा त्यांचा एकमेव डिबेट २५ ऑक्टोबरला झाला आणि फेटरमन यांना शब्द शोधावे लागताना सगळ्यांनी पाहिलं. तोवर सहा लाखांहून अधिक मतपत्रिका परत गेल्या होत्या. फेटरमन जिंकले. आजारातून उठणाऱ्या माणसाला मत द्यावं की न द्यावं, हा ज्याचा त्याचा प्रश्न. पण उमेदवारांचा एकुलता एक डिबेट व्हायच्या आत मत देऊन टाकणं म्हणजे मुलगा न पाहता लग्न ठरवणंच झालं. आपल्या शर्यतीत डिबेट कधी आहे एवढं तरी पाहून घ्या.

सगळ्यात जास्त थांबायचं ते प्रायमरीत. नोव्हेंबरात बहुतेकांचा पक्ष ठरलेला असतो, बातमी आली तरी मत हलत नाही. प्रायमरीत मात्र उमेदवारच गळत जातात. ५ फेब्रुवारी २००८ च्या कॅलिफोर्निया प्रायमरीचा अभ्यास मार्क मेरेडिथ आणि नील मल्होत्रा यांनी केला. तिथे फार कमी मतदार असलेल्या वस्त्यांत केंद्रच नसतं, सगळ्यांना टपालानेच मत द्यावं लागतं. त्यामुळे शेजारच्या केंद्रवाल्या वस्तीशी तुलना करता आली. टपालवाल्यांनी जॉन एडवर्ड्स, रूडी जुलियानी, फ्रेड थॉम्पसन अशा आधीच माघार घेतलेल्यांना जास्त मतं दिलेली निघाली. २०२० मध्ये तर याची जाहीर पुनरावृत्ती झाली. कॅलिफोर्नियाच्या मतपत्रिका ३ फेब्रुवारीला निघाल्या, पीट बुटिजेज यांनी १ मार्चला माघार घेतली, एमी क्लोबुचर यांनी २ मार्चला, आणि मतदान ३ मार्चला. एकट्या कॅलिफोर्नियात बुटिजेज यांच्या नावावर दोन लाखांहून अधिक मतं नोंदली गेली. शर्यतीत नसलेल्या माणसाला. पुढची प्रायमरी येईल तेव्हा पाकीट शेवटच्या आठवड्यापर्यंत फोडूच नका, असं मी सांगेन.

माझ्या सांगण्याला दुसरी बाजूही आहे, आणि ती फार महत्त्वाची आहे. थांबणं म्हणजे शेवटच्या रात्रीपर्यंत ताणणं नव्हे. मतपत्रिका निवडणुकीच्या दिवशी कार्यालयात पोहोचलेली असलीच पाहिजे, असं धरून चाला. तुमच्या राज्याचे नियम सैल असले तरी. तुम्ही पेटीत टाकलं त्याच दिवसाचा शिक्का पाकिटावर बसेल याची खात्री नसते. टपालाने पाठवणार असाल तर किमान आठवडाभर आधी पाठवा. काउंटीचा ड्रॉप बॉक्स जवळ असेल तर आणखी चार-पाच दिवस मिळतात. बहुतेकांसाठी नेमकी वेळ म्हणजे निवडणुकीआधीचे दहा ते चार दिवस. त्याआधी माहिती अपुरी, त्यानंतर धोका.

शेवटच्या ४८ तासांत जे येईल त्याचं ओझं मनावर घेऊ नका. तेवढ्या वेळात कुणीच काही तपासू शकत नाही. महाराष्ट्रात वाढलेल्यांना हे वेगळं सांगायला नको. तिथे मतदानाच्या ४८ तास आधी प्रचार कायद्यानेच थांबतो, तरीही २०२४ च्या विधानसभेच्या मतदानाच्या आदल्या दिवशी, १९ नोव्हेंबरला, एका बाजूच्या नेत्यावर विरारच्या हॉटेलात पैसे वाटल्याचा आरोप झाला आणि दुसऱ्या बाजूच्या नेत्यांवर बिटकॉइनच्या पैशांचा, ध्वनिफितींसकट. दोन्ही बाजूंनी आरोप फेटाळले. सकाळी सात वाजता रांगेत उभ्या राहिलेल्या माणसाने कोणाचं काय खरं धरायचं? अमेरिकेत तर प्रचारबंदीही नाही. दीड महिना मतदान चालू असताना ती घालायची तरी कधी? व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर त्या दोन दिवसांत जे फिरेल, विशेषतः हुबेहूब आवाजातली ध्वनिफीत, ते पुढे ढकलू नका. आवाज आता कोणाचाही कोणालाही काढता येतो.

काहींनी मात्र खरोखर लवकर मत द्यावं. दिवाळी यंदा ८ नोव्हेंबरला आहे, आणि ऑक्टोबरअखेर पुण्या-मुंबईची तिकिटं काढलेली मंडळी माझ्या ओळखीतच पुष्कळ आहेत. त्यांनी विमानात बसण्याआधी मत द्यावं, किंवा बाहेरदेशी असताना मत देण्याचा अर्ज वेळेत करावा. भारतातून पाकीट पाठवून ते वेळेवर पोहोचेल या भरवशावर राहू नये. आई-वडील थकलेले असतील, गाडी चालवत नसतील, तुम्ही त्यांना एका ठरलेल्या दिवशीच नेऊ शकत असाल, तर तो दिवस साधा. रात्रपाळीच्या नर्सला, दुकान चालवणाऱ्याला मी थांब म्हणणार नाही. आणि ज्याचं मत कुठल्याही बातमीने हलणार नाही असं त्याला स्वतःला पक्कं माहीत आहे, त्यानेही थांबून उपयोग नाही. लवकर मत दिलं की कार्यालयाच्या नोंदीत ते येतं, पक्ष ती नोंद पाहतात, आणि दारावरची घंटा नि फोन बरेच कमी होतात. हा फायदा काही कमी नाही.

सह्यांचं एक आपल्या लोकांना खास सांगायचं आहे. बऱ्याच राज्यांत पाकिटावरची सही दप्तरातल्या सहीशी ताडून पाहतात, आणि दप्तरातली सही म्हणजे कित्येकदा ड्रायव्हिंग लायसन्सच्या वेळी काचेवर बोटाने ओढलेला फराटा असतो. कुणी तेव्हा इंग्रजीत केली, आता देवनागरीत करतो. कुणाचं लग्नानंतर आडनाव बदललं. सही जुळली नाही तर दुरुस्तीची संधी अनेक ठिकाणी मिळते, पण त्यालाही दिवस लागतात. ज्यांची पूर्वी एकदा अशी मतपत्रिका अडकली आहे त्यांनी टपाल टाळून केंद्रावर जावं. मग कितीही थांबता येतं. नॉर्थ कॅरोलिनात टपाली मताला दोन साक्षीदार किंवा एक नोटरी लागतो, विस्कॉन्सिनात एक साक्षीदार. ती माणसं आधी ठरवून ठेवा.

थांबलेल्या दिवसांत काय करायचं? मतपत्रिकेची मागची बाजू वाचायची. अध्यक्ष, सेनेट यांची नावं सगळ्यांना पाठ असतात. खाली शाळा मंडळ, न्यायाधीश, काउंटीचा शेरिफ, पाण्याचा बोर्ड, आणि कॅलिफोर्नियात असाल तर डझनभर प्रस्ताव. तिथे बातम्या फुटतच नाहीत, कारण तिथवर बातमीदार पोहोचत नाहीत. स्थानिक वृत्तपत्राचा एखादा लेख, काउंटीने पाठवलेली माहितीपुस्तिका, एखाद्या शाळेत झालेली उमेदवारांची सभा, एवढंच हाती असतं, आणि ते बहुधा ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत येत राहतं. मंडळाच्या कोजागिरीला यावर तासभर बोललात तरी पुष्कळ. मात्र मंडळाच्या मंचावरून कोणाला मत द्या हे सांगू नका. करमुक्त संस्थेला ते महागात पडतं.

आणि एवढं करूनही मत दिल्यावर काही मोठं फुटलं, तर काउंटीच्या निवडणूक कार्यालयाला फोन करा. एवढंच विचारा: माझी मतपत्रिका पोहोचली आहे का, आणि ती रद्द करून नवी घ्यायची मुदत उरली आहे का? मिशिगन, मिनेसोटा अशा मोजक्या राज्यांत ठरावीक तारखेपर्यंत तसं करता येतं. बहुतेक ठिकाणी उत्तर 'नाही' असं येईल, आणि ते ऐकून फोन ठेवून द्यायचा. केंद्रावर जाऊन पुन्हा मत देऊन पाहू, असं कुणी सुचवलं तर ऐकू नका. सप्टेंबर २०२० मध्ये खुद्द ट्रम्प यांनी नॉर्थ कॅरोलिनात तसं करून पाहायला सांगितलं होतं, आणि राज्याच्या निवडणूक मंडळाला लगोलग पत्रक काढून कळवावं लागलं, की एकाच निवडणुकीत दोनदा मत देणं हा इथे गंभीर गुन्हा आहे.